मागच्या धारेची साहती

हाउकीनिएमीत लग्न ठरलं की पाद्र्याच्या आधी हेल्वीला सांगावा जायचा. पाद्र्याचं काय, तारीख वहीत लिहिली की तो मोकळा. साहतीची, म्हणजे जवाच्या घरगुती बीअरची, तयारी मात्र तीन आठवडे आधी सुरू करावी लागे. जव भिजत घालायचे, मोड आणायचे, ते सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धगीत वाळवायचे, भरडायचे, आणि मग कुठे प्रत्यक्ष काढायचा दिवस. साहती घरोघर निघे, नाही असं नाही. पण चार गावचे पाहुणे टेबलाशी बसणार असले की लोकांना हेल्वीच्याच हातची हवी असे.

हे तिने माहेरून आणलेलं नव्हतं. माहेर असं तिला नव्हतंच फारसं. पंधराव्या वर्षी ती रांतालांच्या घरी गड्यासारखी राबायला आली, एक गाठोडं आणि भावाचे जुने बूट घेऊन. रांतालांची म्हातारी आल्फीना ही त्या वेळी तळ्याच्या या काठावरची साहतीतली शेवटची अधिकारी बाई. हेल्वी तिला मालकीणबाई म्हणायची, आणि पुढे त्याच घरात सून झाल्यावरही मालकीणबाईच म्हणत राहिली. म्हातारीनेही कधी "आई म्हण" असं सांगितलं नाही.

"बोट बुडव," आल्फीना पाण्याच्या कढईकडे हनुवटीने दाखवून म्हणायची. "चटका बसला?"

"बसला, मालकीणबाई."

"तीन मोजेपर्यंत ठेवता आलं?"

"दोनच."

"मग थांब अजून. घाई असेल तर बाहेर जाऊन गोठा झाड."

भरडलेल्या जवावर असं तापलेलं पाणी थोडं थोडं ओतत दिवसभर तो घाटा शिजवायचा. मग आस्पेनच्या खोडाची कोरलेली लांब डोणी, तिच्या तळाशी ज्युनिपरच्या काटेरी डहाळ्या, त्यावर राय धान्याचा पेंढा, आणि त्यावर घाटा. डोणीच्या टोकाचं बूच सैल केलं की पहिली धार निघे. मधासारखी दाट, तांबूस काळी, जंगलाच्या वासाची. ती लग्नाची, मर्तिकाची, पुरुषांची आणि पाहुण्यांची. ती निथळली की त्याच घाट्यावर पुन्हा कढत पाणी ओतायचं आणि मागची धार काढायची. ती पातळ, फिकट, जेवताना पाण्यासारखी प्यायची. बायकांची, पोराबाळांची, गवत कापणाऱ्यांची. दोन्हींत यीस्ट घालून दोन वेगळ्या कॅनांत ती फसफसायला ठेवायची. उरलेला चोथा गाईंचं आंबोण. एकाच घाट्याच्या दोन साहती, आणि कुणाच्या वाट्याला कोणती हे कुणाला विचारावं लागत नसे.

आल्फीनाचा एकुलता मुलगा यल्मारी होड्या बांधायचा. उंच, बोलघेवडा, कानामागे पेन्सिल. तो फळीवर नुसता तळवा फिरवायचा आणि सांगायचा, इथे केसभर जाड आहे. हेल्वीच्या मागे तो दोन वर्षं होता. तिला वाटायचं, मालकाचा मुलगा आहे, थट्टा करतोय. एकदा ती विहिरीवर असताना तो म्हणाला, "हेल्वी, माझ्याशी लग्न कर, म्हणजे तुला बादल्या उचलाव्या लागणार नाहीत."

"मग कोण उचलणार?"

"तूच. पण मी शेजारून चालेन."

ती हसली आणि तिथेच हो म्हणाली. एका वर्षाने इर्मा झाली, आणि इर्मा रांगत असताना लढाई आली.

पाच वर्षांत यल्मारी चार वेळा रजेवर आला. शेवटी आला तो राहायला आला, पण त्याचे हात परत आले नाहीत. म्हणजे दोन्ही हात धड होते, बोटं दहा होती. फक्त ती थरथरत. चहा सांडायचा, कॉफी सांडायची, ते ठीक. पण खिळा वाकडा जाऊ लागला. लढाईनंतरची त्याची पहिली होडी उन्हाळ्यातच गळायला लागली, आणि ज्याने ती घेतली होती त्या भल्या माणसाने तक्रारही केली नाही. यल्मारीला तेच लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला.

साहती प्यायला की हात थांबायचे. हे त्याला आधी कळलं आणि मग हेल्वीला. एका गडूने थांबत, मग दोन लागायला लागले, आणि मग अशी वेळ आली की हात थांबले तरी तो थांबेना. आल्फीना तोवर गेली होती. गेली ते बरं झालं, असं हेल्वीला वाटे आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटे.

साहती काढणारी तीच. गावात तिचं नाव होतं ते त्यासाठीच. लोकांच्या सौनात ती साहती काढायला जायची, तर यल्मारी पाणी वाहायला सोबत यायचा आणि डोणीपासून हलायचा नाही. लोक म्हणत, "हेल्वी, यंदाची तर काय उतरलीय!" आणि मान जरा वळवून तिच्या नवऱ्याकडे बघत.

तिने काय करायचं बाकी ठेवलं? कॅन दडवले. तळघराला कुलूप घातलं, तर त्याने बिजागऱ्याच काढल्या, होड्या बांधणाऱ्या माणसाला बिजागरीचं काय. एका वर्षी तिने घरात साहती काढलीच नाही, तर तो बसने तालुक्याला जाऊन सरकारी दुकानातून दारूच्या बाटल्या आणू लागला, आणि ते जास्त वाईट होतं. मग तिने पहिल्या धारेच्या कॅनात मागची मिसळायला सुरुवात केली. आधी चौथाई, मग अर्धी. यल्मारीने एक घोट घेतला, गडू खाली ठेवला आणि म्हणाला, "हेल्वी, मी लढाईवरून आलोय. बाळंतपणावरून नाही."

इर्मा तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तीही हसली. घरात असं हसू क्वचित यायचं, म्हणून हेल्वीही हसली आणि उठून दुसऱ्या कॅनातली आणायला गेली.

पंधरा वर्षं अशी गेली. मग इर्माचं लग्न ठरलं. मुलगा पेंत्ती, प्लायवूडच्या कारखान्यातला, शांत, मोठ्या कानांचा. तो मागणी घालायला आला तेव्हा यल्मारी खुर्चीत झोपला होता आणि बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. इर्माने बापाच्या अंगावर पांघरूण घातलं, जसं काही तो आजारी आहे, आणि पेंत्तीला तशीच बाहेर घेऊन गेली. जाग आल्यावर यल्मारीला हे कुणी सांगितलं नाही. पांघरुणावरून त्यालाच कळलं.

दोन दिवसांनी त्याने जेवताना आपला गडू हेल्वीपुढे सरकवला.

"मागची दे."

"काय?"

"मागच्या धारेची दे. लग्नापर्यंत मी तीच पिणार."

हेल्वीने ओतली. असं आधीही दोनदा झालं होतं, एकदा नाताळात आणि एकदा पाद्री घरी येऊन बसला होता तेव्हा. दोन्ही वेळा आठवडाभर टिकलं. या वेळी पहिला आठवडा फार वाईट गेला. तो घामाने भिजायचा, अंथरुणात बसून राहायचा, सकाळी बूट घालताना त्याला नाडी बांधता यायची नाही. हेल्वी खाली बसून नाडी बांधायची. दुसरा आठवडा गेला. तिसऱ्यात त्याने होडीघराचं दार उघडलं.

"कुठे निघालास?"

"मुलगी देवळात काय पोहत जाणार?"

पाद्र्याचं देऊळ तळ्याच्या पलीकडे. वऱ्हाड होडीनेच जाई. लग्नाला बारा आठवडे होते. त्याने आठ वल्ह्यांची होडी बांधायला घेतली. सकाळी हेल्वी कॉफी घेऊन जायची तेव्हा तो फळीला तळवा लावून उभा असायचा. कधी कधी तासभर नुसताच. पण मे उजाडला, तळ्यातलं बर्फ फुटलं, आणि एका सकाळी तिने पाहिलं की खिळे सरळ रांगेत बसलेत. तिने मोजले नाहीत. फक्त बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"बघतेस काय?" तो म्हणाला. "बायकांची पिऊन बाई झालोय. आता शिवणकाम नीट येतं."

शेजारचा कुस्ता डांबर लावायला यायचा. कुस्ता यल्मारीच्याच तुकडीत होता, दोघे एकदमच परत आले होते. कमी बोलायचा. लग्नामर्तिकाला कॅनाशी उभं राहून गडू भरायचं आणि फिरवायचं काम गावाने त्याच्याकडे दिलं होतं, कारण त्याच्या हातून कधी कुणाला जास्त गेलं नाही की कमी.

लग्नाच्या साहतीसाठी हेल्वीने आयुष्यातला सगळ्यात मोठा घाटा लावला. दोन डोण्या भरल्या. यल्मारी त्या दिवशी सौनाकडे फिरकलाही नाही. पहिली धार सुटली तेव्हा तिने चव घेतली आणि ती तशीच उभी राहिली. इतकी चांगली तिने कधी काढली नव्हती. मालकीणबाईंनीही नाही. आनंदाच्या जागी तिला एकदम भीती वाटली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी यल्मारी दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "उद्या गडू फिरेल तेव्हा मुलीचा बाप म्हणून मी घेईन. पहिल्या धारेची. एक घोट. आणि पुढे देईन."

"हं."

"एकच, हेल्वी."

"ऐकलं मी."

ऐकलं खरं. पण एक घोट हा शब्द तिने इतक्या वेळा ऐकला होता की आता त्याचा नुसता आवाज येत होता. नाताळातला एक घोट, गवताच्या हंगामातला, कुस्ताच्या आईच्या मर्तिकातला. त्या मर्तिकानंतर त्याला ढकलगाडीत घालून आणावं लागलं होतं आणि इर्माने पुढे कंदील धरला होता. उद्या पेंत्तीचे आईवडील असतील. शहरातला काका असेल. इर्मा पांढऱ्या झग्यात असेल.

ती कुस्ताकडे गेली. तो कुंपणाचे वेत बांधत होता.

"कुस्ता, दोन गडू सारखेच आहेत आपल्याकडे. एकात मागची भर. यल्मारीपाशी येशील तेव्हा तो पुढे कर."

कुस्ताने वेत खाली ठेवला. "त्याला कळेल."

"कळू दे. चारचौघांत तो काही बोलणार नाही."

"हेल्वी..." कुस्ता मान खाजवत राहिला. काहीतरी त्याच्या तोंडाशी आलं होतं हे तिला दिसलं. पण तिला ते ऐकायचं नव्हतं. घरी वेलचीचे पाव भट्टीत होते.

"माझी शपथ आहे. आणि त्याला सांगायचं नाही."

"बरं," कुस्ता म्हणाला.

लग्नाच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. होडी पाण्यावर अशी बसली की देवळाच्या धक्क्यावरची माणसं बोलायची थांबली. एक थेंब पाणी आत आलं नाही. यल्मारी सुकाणूपाशी बसला होता, लग्नाचा जुना कोट घालून, आणि इर्मा वारंवार मागे वळून बापाकडे बघत होती. हेल्वीने ते पाहिलं. त्या क्षणी जाऊन कुस्ताला सांगावं, राहू दे, असं तिच्या मनात आलं. पण कुस्ता पलीकडच्या वल्ह्यावर होता, मध्ये माणसं होती, आणि मग देवळात घंटा वाजली, मग गाणी, मग परत येताना पाहुण्यांची गडबड. राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तिने राहू दिलं, हे तिला पुढे नीट कळलं.

अंगणात टेबलं मांडली होती. खारवलेले मासे, भट्टीत भाजलेला गोडसर बटाट्याचा लगदा, रायची भाकरी. यल्मारी उठून उभा राहिला. फार बोलला नाही. म्हणाला, "मी घरी नव्हतो तेव्हा ही मुलगी चालायला शिकली. घरी होतो तेव्हाही मी फारसा नव्हतो. पेंत्ती, तू घरी राहा." इर्माने तोंडावर रुमाल धरला. आणि कुस्ता गडू घेऊन आला.

नवरदेवाचा बाप प्याला, पाद्री प्याला, काका प्याला. गडू दोन्ही कान धरून हातोहात पुढे येत होता. यल्मारीच्या शेजाऱ्यापाशी आल्यावर कुस्ताने तो काढून घेतला आणि बाजूच्या बाकावरचा दुसरा पुढे केला. हे त्याने हळूच करायचा प्रयत्न केला, पण कुस्ताला हळूच काही जमत नसे. टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिलं.

यल्मारीने एक घोट घेतला आणि थांबला. कुस्ताकडे त्याने बघितलं नाही. हेल्वी स्वयंपाकघराच्या दारात कॉफीची किटली धरून उभी होती, तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. होडीघरात फळीचा दोष सापडला की बघायचा तसं. मग त्याने तो अख्खा गडू, न थांबता, तळापर्यंत पिऊन टाकला.

"छान झालीय," तो मोठ्याने म्हणाला. "आमच्या हेल्वीच्या हातची मागचीसुद्धा छान असते."

"मागची म्हणजे काय हो?" शहरातल्या काकाने विचारलं.

"बायकांची!" कुणीतरी पलीकडून ओरडलं, आणि टेबल हसलं. वाईट मनाने नाही, लग्नातलं हसू ते. यल्मारीही हसला. सगळ्यांत जास्त वेळ तोच हसत होता.

तो शेवटपर्यंत जेवला. इर्माबरोबर एकदा नाचला. पेंत्तीच्या आईला होडी दाखवली. मग कधीतरी तो अंगणात नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्ताला तो सापडला, काठाशी, त्या नव्या होडीतच, पहिल्या धारेच्या दोन रिकाम्या कॅनांमध्ये आडवा. तोवर नवी जोडी बसने गेली होती. इर्मा बसच्या पायरीवर उभी राहून बराच वेळ रस्त्याच्या या टोकाकडे बघत होती.

यल्मारी भांडला असता तर हेल्वीला सोसलं असतं. तो एक शब्द बोलला नाही. पंधरवड्याने तीच म्हणाली, "मला भीती वाटली, यल्मारी."

"बरोबरच होतं तुझं," तो म्हणाला. "बघ ना, पिऊनच आलो की नाही."

तो चांगल्या आवाजात बोलला होता, समजूत घातल्यासारखा.

त्यानंतर होडी झाली नाही. होडीघरात सरपण ठेवू लागले. हेल्वीने साहती काढणं कमी केलं, मग लोकांना नाही म्हणायला लागली. गुडघे दुखतात, असं सांगायची. यल्मारी बसने जायचा आणि यायचा, आणि पुढे पुढे बसवाला त्याला फाटकापर्यंत आणून सोडायचा. इर्मा आणि पेंत्ती कामासाठी स्वीडनला गेले. तिथून पत्रं यायची, ती हेल्वी मोठ्याने वाचायची, आणि यल्मारी खिडकीबाहेर बघत ऐकायचा. "बाबांना नमस्कार" या ओळीला तो मान हलवायचा.

चौथ्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले, मग कातडी. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. डॉक्टर तरुण होता. त्याने हेल्वीला बाजूला घेऊन सांगितलं की आता फक्त आराम पडेल एवढंच बघायचं. ती एक दिवसाआड बसने जायची. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. आणि हात थरथरत नव्हते. इतक्या वर्षांनी ते चादरीवर अगदी शांत पडले होते.

ऑगस्टमध्ये एक दिवस तो म्हणाला, "साहती आण."

"इथे नाही चालत."

"तुझी आण. पहिल्या धारेची. एक घोट."

ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. जव भिजवून मोड आणण्याइतका वेळ नव्हता. एका घरून तिने तयार भरड मागून आणली, एकच बादली. एका बादलीसाठी डोणी काढणं हे हसण्यासारखं होतं, पण दुसरं तिला काही येत नव्हतं. ज्युनिपर तोडला, पेंढा अंथरला, बोट बुडवून तीन मोजले. पहिली धार निघाली ती जेमतेम चार लिटर. मग हाताच्या सवयीने तिने घाट्यावर पुन्हा पाणी ओतलं आणि मागचीही काढली. ती आपण कुणासाठी काढतोय हे तिच्या लक्षात आलं नाही. ती कॅनातच आंबून गेली, आणि पुढे गोठ्यामागे ओतून द्यावी लागली.

साहतीला घाई केलेली चालत नाही. दहा दिवस ती रोज तळघरात जाऊन कॅनाला कान लावायची. बुडबुडे मंद झाले तशी तिने औषधाची बाटली धुऊन भरून घेतली आणि बस धरली.

खोलीत आणखी तिघे होते. नर्सने बाटली पाहिली आणि खिडकीपाशी जाऊन उगाच पडदा सारखा करत बसली. हेल्वीने त्याची मान उचलली, चमच्याने ओठांना लावलं. थोडं आत गेलं, थोडं हनुवटीवरून खाली आलं. तो जिभेवर फिरवत राहिला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"कोणती?" त्याने विचारलं.

"पहिल्या धारेची."

"मला काही चव लागत नाही."

"औषधांनी होतं तसं. अजून घे."

त्याने अजून एक चमचा घेतला. मग डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

"खरं सांग, हेल्वी."

"पहिल्याच धारेची आहे, यल्मारी. आईच्यान. मुद्दाम काढली तुझ्यासाठी."

"असेल," तो म्हणाला.

असेल. एवढंच. हेल्वीने बाटली त्याच्या नाकाशी धरली, म्हणाली वास घे, वासावरून तरी तुला कळेल. पण तो दमला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. ती बसने पोचेपर्यंत पलंगावर नवी चादर होती.

मर्तिकाला हेल्वीने कॉफी ठेवली. कॉफी आणि पाव. रांतालांच्या घरी मर्तिकाला साहती नाही, असं कुणी पाहिलं नव्हतं. लोक कप हातात धरून अवघडल्यासारखे बसले आणि लवकर उठले. "नवरा गेला तो त्यापायीच, म्हणून नसेल ठेवली," असं बायका बाहेर म्हणाल्या. "तरी पण," असंही म्हणाल्या. इर्मा चार दिवस राहून गेली.

बटाटे काढून झाले तेव्हा कुस्ता आला. ती अंगणात बटाटे निवडत होती, तोही समोर पालथ्या बादलीवर बसून निवडू लागला. पहिलं पोतं भरल्यावर बोलला.

"लग्नाच्या दिवशी सकाळी यल्मारी माझ्याकडे आला होता."

हेल्वीचा हात थांबला नाही.

"म्हणाला, कुस्ता, गडू माझ्याकडे आला की माझ्या शेजारी उभा राहा. मी एक घोट घेईन. दुसरा घ्यायला लागलो तर हातातून काढून घे. लोकांसमोर काढून घे, मला चालेल. पण हेल्वीला सांगू नको, म्हणाला. तिला वाटू दे की माझं मीच ठेवलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू शपथ घातलीस, त्याने शपथ घातली. मी काय करू? मला वाटलं, तू घरची आहेस. तुला जास्त कळतं."

"आता कशाला सांगतोस मग?"

कुस्ताच्या हातात एक किडका बटाटा होता. तो त्याने नीट, दोन्ही बाजूंनी बघितला आणि बाजूला टाकला. "माझ्याच्याने राहवेना," तो म्हणाला.

ती त्याच्यावर ओरडली नाही. तो उठून गेल्यावरही ती तशीच निवडत राहिली. संध्याकाळपर्यंत तीन पोती झाली.

त्यानंतर ती या एका गोष्टीवर फार विचार करायची. तो थांबला असता. कुस्ता शेजारी होता, इर्मा समोर होती, होडी त्याने बांधली होती, तो नक्की थांबला असता. मग तिला वाटायचं, थांबता येणार असतं तर कुस्ताला कशाला सांगायला गेला? त्याची त्यालाच खात्री नव्हती. आणि यातून तिला हलकं वाटायला लागलं की लगेच आठवायचं, की खात्री नव्हती तरी तो एकटाच चालत कुस्ताच्या घरी गेला होता, दाढी करून, सकाळी, काहीही न पिता. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. सतरा वर्षं तिने तिथे मुलांना जवाची खीर आणि वाटाण्याचं सार वाढलं. मुलं तिला हेल्वीमावशी म्हणत. गावात लग्नं होत, लोक दुकानातली बीअर आणत, आणि ज्यांना तिच्या हातची साहती आठवत होती ते एकेक करून कमी झाले. कुस्ताही गेला. त्याच्या मर्तिकाला ती गेली, मागच्या बाकावर बसली.

इर्मा दर रविवारी फोन करायची. हवा, गुडघे, नातवंडांची शाळा. एका रविवारी, काही कारण नसताना, ती मध्येच म्हणाली, "आई, लग्नात बाबा इतके छान बोलले. होडी काय सुंदर झाली होती. मग मध्येच उठून का गेले गं ते? मी किती वर्षं विचारीन म्हणतेय."

हेल्वीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"उकडत होतं म्हणून," ती म्हणाली. "जाड कोट होता ना त्याच्या अंगात."

"एवढंच?"

"एवढंच. मुलांना सर्दी होती ना गं, ती बरी झाली का?"